१० बाय १२ च्या खोलीत बेस: अ‍ॅम्प घेऊ, पाच तारांचा बेस घेऊ की नीट स्पीकर?

पांढरीपाच (नाशिक)

नमस्कार मंडळी. एरवी नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. जुनी हिंदी-मराठी गाणी, लग्नाची रिसेप्शनं, गणपती-नवरात्रात मंडळांचे प्रोग्रॅम. बेस चार तारांचा, पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा), सुरुवातीच्या किमतीतला. घरी १५ वॉटचा छोटा अ‍ॅम्प आहे. खोली १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर, अ‍ॅम्प खिडकीजवळच्या कोपऱ्यात.

घरी ई या सगळ्यात जाड तारेवरचा दुसरा आणि पाचवा फ्रेट (दांड्यावरची पट्टी) दाबला की खिडकीची काच थरथरते, बाकीचे सूर मात्र बेताचेच. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बोलून गेल्या आहेत. शोमध्ये याच्या बरोबर उलट होतं. घरी भरदार वाटणारा आवाज स्टेजवर माझा मलाच ऐकू येत नाही. आणि गाणी ऐकायला साउंडबार आणि त्याचा सबवूफर आहे. जुन्या गाण्यातली बेस लाइन उचलायला बसलो की त्यावर सगळे सूर सारखेच, नुसतं धुम धुम.

बजेट ६० हजार. ग्रुपमधले म्हणतात १०० वॉटचा अ‍ॅम्प घे. कीबोर्डवाला म्हणतो पाच तारांचा बेस घे. बायको म्हणते चांगले स्पीकर घे, घरातल्या सगळ्यांनाच ऐकता येतील. तुम्ही काय घ्याल?

खरजाची तार (डोंबिवली)

पांढरीपाच, खोलीची मापं दिलीस हे फार बरं केलंस. ती कुणी देत नाही आणि मग सगळी चर्चा ब्रँडवर जाते.

आधी खोलीचंच बघू. बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाची लाट अडकून राहते. ती कोणत्या सुराला अडकणार हे भिंतींमधल्या अंतरावर ठरतं. हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर येतं ४७ हर्ट्झच्या आसपास. तुझ्या ई तारेवरचा दुसरा फ्रेट म्हणजे एफ शार्प, पेटीवरची काळी तीन, ४६.२५ हर्ट्झ. १० फुटांचं उत्तर ५६ आणि पाचव्या फ्रेटवरचा ए, पांढरी सहा, ५५ हर्ट्झ. साडेनऊ फुटांच्या छताचं उत्तर ५९, ते काळी पाचच्या शेजारी पडतं. तू लिहिलेले दोन्ही फ्रेट यात आले. मोकळी ए तारही तशीच घुमत असणार, बघ. तेव्हा दोष बेसचा नाही, तुझ्या हाताचा नाही आणि अ‍ॅम्पचाही नाही.

कोपऱ्यातल्या अ‍ॅम्पमुळे या तिन्ही लाटा एकदम उठतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलास तर हेच सूर पडलेले ऐकू येतील आणि त्यावरून तू चुकीचा बेस नॉब फिरवशील. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढ, लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बस आणि पुन्हा सगळे फ्रेट एकामागून एक वाजव. खर्च शून्य. भिंतीला दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ४६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सात मीटरच्या वर असते, तिला दोन इंच फोम दिसतसुद्धा नाही. कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी केलीस तर थोडा फरक पडेल.

१०० वॉटचं म्हणशील तर १५ चे १०० केल्याने आवाज जेमतेम ८ डेसिबल वाढतो आणि तो याच तीन सुरांवर सगळ्यात जास्त जाणवणार. काकूंपर्यंत पोचतो तो बराचसा स्लॅबमधून. निवासी भागात आवाजाची कायद्यातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि फ्लॅटमध्ये बेस वाजवणाऱ्याने ती पाळलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. खालच्यांनी आपला सराव का सोसायचा?

म्हणून पहिली खरेदी बंद पाठीचा चांगला हेडफोन आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस (बेस कॉम्प्युटरला जोडणारी डबी), ज्याला गिटारसाठीचं इनपुट आहे. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स, या जातीचा काहीही चालेल. हेडफोनमध्ये खोली नसते. तुझी बोटं सम दाबाने पडतात की नाही, सूर वेळेवर सुटतो की मागे लोंबकळतो, दोन तारा एकदम वाजतात का, हे सगळं तिथे उघडं पडतं. अ‍ॅम्पवर ते झाकलं जातं. बेसमध्ये सूर कुठे सुरू झाला याच्याइतकंच तो कुठे थांबला हे महत्त्वाचं आहे. थांबवण्याचा सराव हेडफोनवरच होतो.

आता स्टेज. तुला स्वतःला ऐकू येत नाही याचं मुख्य कारण तू टोन घरी लावतोस. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे घरी हात आपोआप बेस वाढवतो, मिड पाडतो आणि वरून थोडं चकाकीचं ट्रेबल देतो. खोलीत एकट्याने वाजवताना ते फार सुंदर वाटतं. हॉलमध्ये ऑक्टोपॅडचा किक, ढोलक आणि कीबोर्डचा डावा हात, सगळे खालच्या त्याच जागेत येऊन बसतात. तू पाडलेला मिड ही एकमेव मोकळी जागा होती, ती तूच सोडून दिलेली असते. शोला सगळे नॉब मध्यावर ठेव, खर्ज किंचित उतरव, ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वर ने. एकट्याने वाजवलंस तर आवाज नाकातला, रुक्ष वाटेल. बँडमध्ये तोच बेस म्हणून ऐकू येईल.

अ‍ॅम्प न घेता डीआय बॉक्स घे, म्हणजे बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देता येईल असा करणारी छोटी डबी. तुझा बेस पॅसिव्ह आहे म्हणून डीआय अ‍ॅक्टिव्ह घे, मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालणारा. आपल्याकडे लोकांपर्यंत पोचतं ते मिक्सरमधून, स्टेजवरचा अ‍ॅम्प फक्त वाजवणाऱ्याच्या कानासाठी असतो. थेट डेस्कमध्ये, म्हणजे मिक्सरमध्ये, जाणं कमीपणाचं आहे असं काही वादक मानतात, मला ते अजिबात पटत नाही. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस डीआयनेच डेस्कमध्ये जायचा. १९६२ चा फेंडर प्रिसिजन, फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा आणि उजव्या हाताची एक तर्जनी. साठच्या दशकातलं अमेरिकेतलं निम्मं नृत्यसंगीत त्या एका बोटावर चालत होतं असं म्हटलं तरी मला अतिशयोक्ती वाटत नाही.

त्यावरून तारा. तू जुनी गाणी वाजवतोस, मग एकदा फ्लॅटवाउंड लावून बघ. महाग असतात पण वर्षानुवर्षं टिकतात, बोटांचा कर्रकर्र आवाज येत नाही आणि सूर गोल, आखूड निघतो. त्या काळच्या गाण्यांना तोच शोभतो. पावसाळ्यात तुझ्याकडेही नेक, म्हणजे बेसचा दांडा, हलत असणार. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यावर तारेखाली फट बघ, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात फिरवू नकोस. स्वतः धीर होत नसेल तर चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घे. सुरुवातीच्या किमतीतला बेस नीट सेटअप केला की ओळखू येत नाही.

आणि आता तुझ्या बायकोचं म्हणणं. तिघांच्या सल्ल्यात तिचा मला सगळ्यात बरोबर वाटतो आणि तो का, हे सविस्तर लिहितो.

बेस वाजवणाऱ्याला ऐकता आलं पाहिजे. आपल्या संगीतात बेस गिटारचं नाव कुणी घेत नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्या दहा जणांना विचार, नऊ जण गायक, गीतकार, तालवादक सांगतील आणि वाझ यांच्यापाशी थांबतील. यात लोकांचा दोष नाही. ज्या ट्रान्झिस्टरवर आणि टेपरेकॉर्डरवर ती गाणी घराघरात पोचली, त्यांच्या चार इंची स्पीकरमधून ४० ते १०० हर्ट्झ बाहेरच पडत नव्हतं. वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांवरून) मेंदू खालचा सूर भरून काढतो, म्हणून मोबाईलवरही बेस कुठल्या सुरावर आहे ते कळतं. पण सुराचं वजन, तो किती वेळ धरला, कुठे अर्धवट सोडून दिला, अंतऱ्याकडे जाताना तालाच्या किंचित मागे राहून चढत कसा गेला, हे कळायला तो सूर खोलीत खरोखर उभा राहावा लागतो. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं बऱ्या स्पीकरच्या जोडीवर पहिल्यांदा ऐकलं आणि खाली एक आख्खी दुसरी चाल सापडली, तेव्हा मी पुन्हा पुन्हा तेच कडवं लावत बसलो होतो. ती चाल इतकी वर्षं तिथेच होती. आजही नवीन मुलांना शिकवताना मी वाद्य बाजूला ठेवायला लावतो आणि आधी हे ऐकवतो.

तर साउंडबारऐवजी साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक साधा स्टिरिओ अ‍ॅम्प. वापरलेले मिळाले तर उत्तम, फक्त कोनच्या कडेचा रबर किंवा फोम फाटलेला नाही ना ते बोट फिरवून बघ. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कानाच्या उंचीला. १० बाय १२ च्या खोलीत यांचा खर्ज पुरतो. सबवूफर ठेवायचाच असेल तर त्याची जागा अशी शोध: सब तुझ्या बसायच्या जागी ठेव, त्यावर चढत जाणारी बेस लाइन लाव आणि तू भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐक. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील तिथे सब ठेवायचा. सध्या तो बहुतेक कोपऱ्यात असेल, म्हणूनच सगळी गाणी काळी तीनमध्ये वाटतात.

फेडर (सांगली)

खरजाची तार दादांनी लिहिलंय ते सोळा आणे. मी मंडळांचे आणि लग्नाचे साउंड करतो, पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

भावा, स्वतःचा डीआय आणि स्वतःची चांगली केबल घेऊन येणारा बेसवाला आला की मला हायसं होतं. पॅसिव्ह बेसची जॅक केबल लांबवर ओढत आणली की आवाज बोथट होतो आणि वाटेत लाइटच्या डिमरचा खरखराट उचलते. डीआय तुझ्या पायाशी पाहिजे, तिथून पुढे एक्सएलआर केबलने (माइकला असते ती) ५० मीटर ने, काही होत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मांडवात जनरेटर असला की घुंई येते. ५० हर्ट्झची असते, पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे नेमकी तुझ्या वाजवण्याच्या पट्टीत. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबायचं. त्याने फक्त ऑडिओ केबलचं अर्थिंग तुटतं. काही लोक घुंई घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. ते कधी करायचं नाही आणि कुणाला करू द्यायचं नाही. तुझ्या हातात लोखंडी तारा आणि ओठाला माइक, दोघांचं अर्थिंग वेगळं निघालं तर जीव जातो. पावसात ओल्या स्टेजवर तर मी आधी टेस्टर लावतो, मगच वादकांना वर बोलावतो.

साउंड चेकला मला सगळ्यात जाड सूर दाखवू नका. गाण्यात जसं वाजवणार तसं अर्धा मिनिट वाजवा, बस्स.

डावा हात (ठाणे)

मी कीबोर्ड वाजवते, आमच्या लोकांची बाजू मांडते. बऱ्याच ऑर्केस्ट्रात बेसवाला ठेवतच नाहीत, मानधन वाचवायला कीबोर्डचा डावा हात बेस करतो. त्यामुळे बेसवाला शेजारी उभा असला तरी सवयीने आमचा हात खाली जातो. मग दोघांचे सूर कुठे एक होतात, कुठे आदळतात आणि दोघंही आवाज वाढवत राहतात. तुझ्या कीबोर्डवाल्याशी बसून ठरव, कुठल्या गाण्यांत त्याने मधल्या सप्तकाच्या खाली यायचं नाही. आमच्याकडे हे ठरलं त्या शोपासून बेस न वाढवता स्पष्ट ऐकू येतो आणि माझाही डावा हात हार्मनीला मोकळा झाला. यासाठी ६० हजारातला एक रुपयाही लागत नाही.

पांढरीपाच (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून पुस्तकांच्या कपाटाजवळ आणला. काच थांबली. मोकळी ए तार तुम्ही म्हणालात तशीच घुमत होती, ती बरीच सरळ झाली. ताई, कीबोर्डवाल्याशी रविवारी बोलणार आहे.

पाच तारांचं मात्र कुणी काही बोललं नाही. आमची गायिका बरीच गाणी काळी एकमध्ये घेते आणि खालचा सा माझ्याकडे नाही, याची चुटपुट लागते. कीबोर्डवाला तो सहज देतो.

खरजाची तार (डोंबिवली)

चुटपुट समजू शकतो. चार तारांवर सगळ्यात खालचा सूर ई, ४१.२ हर्ट्झ. काळी एकचा खालचा सा ३४.६५ हर्ट्झला आहे, तो पाचव्या, बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला मिळतो. वाद्यातून मिळेल, पण लोकांपर्यंत पोचेल का? मंडळाच्या प्रोग्रॅमला दोन टॉप (मुख्य स्पीकर) असतात आणि असले तर सोबत दोन सब. सब नसेल त्या दिवशी ५० च्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तो सा श्रोत्यांना त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कळेल, पण छातीत बसणार नाही. तेव्हा नुसत्या खालच्या सुरांसाठी पाच तारा घ्यायला मी सांगणार नाही.

त्यांचा खरा फायदा दुसराच आहे आणि ऑर्केस्ट्रात तो मोठा आहे. गायकाचा घसा बसला की शेवटच्या क्षणी पट्टी बदलते. चार तारांवर मोकळ्या तारांचा आधार घेऊन बसवलेलं गाणं अर्धा सूर खाली उतरवलं की सगळी बोटं बदलतात. पाच तारांवर पाचव्या फ्रेटच्या आसपास हात ठेवून, मोकळी तार न वापरता वाजवायची सवय लागली की पट्टी बदलताना हात फक्त सरकतो, आकृती तीच राहते. नाइटमागून नाइट वाजवणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे.

फक्त स्वस्तातल्या पाच तारांच्या बेसवर बी तार अनेकदा सैल, लोळागोळा वाजते. दुकानात ती तार नीट ताणलेली वाटते का, सातव्या-आठव्या फ्रेटवरही सूर स्वच्छ येतो का, हे अ‍ॅम्पविना, वाद्याच्या लाकडाला कान लावून ऐक. ३५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) असेल तर तार जास्त घट्ट बसते. बरेच पाच तारांचे बेस अ‍ॅक्टिव्ह असतात, त्यांची ९ व्होल्टची बॅटरी जॅक लावलेला असेपर्यंत संपत राहते. शोनंतर जॅक काढायचा आणि एक नवी बॅटरी पिशवीत ठेवायची.

यंदा मात्र तू हेडफोन, इंटरफेस, डीआय, तारा-सेटअप आणि वापरलेले स्पीकर एवढंच कर. ६० हजारात बसेल. पाच तारांचा पुढच्या सीझनच्या मानधनातून घे. तोपर्यंत एक कर, ज्या शोला गायिका पांढरी दोन किंवा काळी दोनमध्ये जास्त गाते तिथे ई तार एक सूर उतरवून डी कर, ३६.७ हर्ट्झपर्यंत जाशील. फ्लॅटवाउंड तारा तेवढं उतरवणं सहज सोसतात. त्या तारेवरचे फ्रेट दोनने पुढे सरकतात, हे डोक्यात बसायला थोडा वेळ लागेल.

काळी एकला मात्र तो सा वरच्या सप्तकात, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर घे आणि तिथून खाली काळी चारच्या प वर, म्हणजे ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर ये. हा प जवळजवळ ५२ हर्ट्झचा आहे, कुठल्याही सिस्टिमवर वाजतो आणि गाणं जमिनीवर घट्ट बसतं. गायिकेच्या कायमच्या गाण्यांची नावं नकोत, नुसत्या पट्ट्या आणि ताल इथे टाक. प्रत्येकीला हात कुठे ठेवायचा ते लिहून देतो.